चाळीस कॉपींची ऑर्डर, सुटलेली पानं आणि नव्या मशीनचं कर्ज

"ताई नमस्कार. आमचं प्रिंटिंग-बाइंडिंगचं काम आहे, बाबांनी सुरू केलेलं. एक दोन-कलर ऑफसेट छपाई मशीन, एक कटिंग मशीन, हॉटमेल्टचं, म्हणजे गरम गमने पानं चिकटवणारं, छोटं परफेक्ट बाइंडर, आणि टेबलावर शिलाई, पुठ्ठा बांधणी करणारे एक काका. पूर्वी पुस्तकाची ऑर्डर यायची ती हजार-दोन हजारांची, आता कोणी तीनशे म्हणतं, कोणी चाळीस. मला वाटतं लोन काढून डिजिटल कलर मशीन घ्यावं, सेल्सवाला रोज फोन करतोय. बाबा म्हणतात छपाई संपली, आता या वयात कर्ज नको. यावरून घरात रोज वाद. त्यात मागच्या महिन्यात एक फोटोंचं पुस्तक केलं, ए-४ साइज, आर्ट पेपर, २०० कॉपी. छपाई बाहेरून डिजिटलवर करून आणली, बाइंडिंग आमचं. त्यातल्या ६०-७० कॉपी पानं सुटली म्हणून परत आल्या. कोणी म्हणतं पीयूआर गमचं मशीन घ्या. आणि काका वर्षभरात काम सोडणार आहेत. डिजिटल घेऊ, पीयूआर घेऊ, का बंदच करू? आणि परत आलेल्या पुस्तकांचं काय करू?"

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी स्वतः सव्वीस वर्षं बाइंडरी चालवली त्यामुळे ६०-७० कॉपी परत येणं म्हणजे काय ते मला माहितीये, गिऱ्हाईक टेबलावर गठ्ठा ठेवतं, एक पुस्तक उघडतं आणि पान हातात येतं, आपल्याला काही बोलायलाच राहत नाही. म्हणून आधी त्याचंच बघू, कारण मशीनचा निर्णयसुद्धा मला वाटतं त्या गठ्ठ्यातूनच निघेल.

परत आलेलं एक पुस्तक घे, त्यातलं सुटलेलं पान घे, त्याचा एक चौकोनी तुकडा काप, पुस्तकात तो उभा कुठल्या बाजूने होता त्याची पेन्सिलने खूण कर आणि एका बाजूला ओलं बोट फिरव. कागद लगेच नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेने लांब असेल ती कागदाची ग्रेन, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा. ही ग्रेन पुस्तकाच्या कण्याला, म्हणजे पानं जोडलेली असतात त्या बाजूला, समांतर पाहिजे. माझी जवळजवळ खात्री आहे की तुझ्याकडे ती आडवी निघेल, आणि का ते सांगते. डिजिटलवाले बहुतेक एसआरए-३ शीट वापरतात, ३२० बाय ४५० मिलिमीटर, आणि सहज मिळणारं शीट लाँग ग्रेन असतं, म्हणजे ग्रेन ४५० च्या बाजूने. त्यावर ए-५ चं पुस्तक छापलं तर ग्रेन आपोआप बरोबर बसते, पण ए-४ उभं छापलं की ए-४ ची लांब बाजू शीटच्या ३२० च्या बाजूला येते आणि ग्रेन कण्याला आडवी जाते. ए-४ साठी शॉर्ट ग्रेन, म्हणजे ग्रेन ३२० च्या बाजूने असलेलं शीट मागवावं लागतं, आणि मागितलं नाही तर कोणी देत नाही. छापणाऱ्याला त्याचं काही नाही, त्याचं प्रिंट छानच दिसतं, भोगावं लागतं बाइंडिंगवाल्याला.

आडव्या ग्रेनचं पान उघडताना नीट वाकत नाही, ताठ राहतं, आणि दर वेळी उघडताना पट्टीसारखं गमवर जोर टाकतं. त्यात आर्ट पेपर, त्याच्यावर कोटिंग, गम धरायला धागाच सापडत नाही. कण्याची कापणी झाल्यावर तो नीट खरवडला गेला पाहिजे, कागदाचे तंतू मोकळे दिसले पाहिजेत. बोट फिरवलं की सुती कापडासारखं लागलं पाहिजे, काचेसारखं गुळगुळीत लागलं तर तिथेच थांबायचं. फोटो कण्यापर्यंत छापलेले असतील तर आणखी एक भानगड, डिजिटल मशीनची पावडर शाई, टोनर, म्हणजे प्लॅस्टिकच, गमला कागद मिळायच्या ऐवजी टोनरचा थर मिळतो. फाइल घेतानाच सांगायचं की कण्याच्या बाजूला थोडी जागा कोरी सोडा.

थोडक्यात २०० मधल्या ६०-७० सुटल्या यात एकट्या गमचा दोष नाही, म्हणून "पीयूआर घ्या" हा सल्ला मला घाईचा वाटतो. पीयूआर चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. साधं हॉटमेल्ट, म्हणजे ईव्हीए, साधारण १६० ते १८० डिग्रीला वितळवून लावतात, गार झालं की घट्ट, पण पुन्हा तापलं की मऊ पडतं आणि कडाक्याच्या थंडीत तडकतं. पीयूआर कमी तापमानाला, १२० च्या आसपास लागतं, थर पातळ असतो म्हणून पुस्तक जास्त उघडतं, आणि ते हवेतल्या, कागदातल्या ओलाव्याशी रिअॅक्शन होऊन पक्कं होतं, मग परत वितळत नाही. आर्ट पेपरसाठी तर फरक हाताला कळतो. पण हेच ओलाव्याचं गणित छोट्या कारखान्याला महागात पडतं, डबा उघडला की हवेने गम पिकायला लागतो, आठवड्यात दोन जॉब असतील तर अर्धा गम टाकून द्यायचा आणि मशीनचं गम लावायचं डोकं, टाकी साफ करत बसायचं. शिवाय पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास द्यावे लागतात, "संध्याकाळी घेऊन जातो" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणावं लागतं. आणि वाफेचं बघ. त्यात आयसोसायनेट असतं, श्वासाला वाईट, दम्यासारखा त्रास एकदा चिकटला की माणसाला त्या खोलीत उभंही राहता येत नाही. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून नियम आहे की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल ट्रेनिंग घेतल्याशिवाय हाताळायचा नाही. मशीनच्या किमतीत वाफ ओढणारा पंखा आणि पाइप धरलेला नसेल तर ती किंमत अर्धवट आहे असं समज. रोज काम असेल तर पीयूआर घे, आज तुझ्याकडे ते नाही.

मग चाळीस कॉपींचं काय करायचं? त्यासाठी मशीनच लागत नाही. जर्मनीत एमिल लुम्बेक म्हणून एक पुस्तकविक्रेते होते, त्यांनी १९३० च्या दशकात सुटी पानं हाताने गम लावून बांधायची पद्धत आणली, जर्मन भाषेत तर त्यांच्या नावाचं क्रियापदच झालंय. सुटी पानं ठोकून एकसारखी करायची, फळ्यांमध्ये कणा थोडा वर ठेवून धरायची, मग पानांचा गठ्ठा एका बाजूला पंख्यासारखा वाकवायचा आणि पीव्हीए, म्हणजे साधा पांढरा गम ब्रशने लावायचा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. असं केल्याने गम प्रत्येक पानाच्या काठावर केसाएवढा आत शिरतो, म्हणजे पान नुसतं टोकाला चिकटत नाही, शेजारच्या पानाला चिकटतं. वर पातळ कापडाची जाळी, दाबून ठेवायचं, रात्रभर वाळू द्यायचं. पीव्हीए वाळल्यावर लवचिक राहतो. तुझ्या काकांना हे नक्की येत असणार, फक्त ते याला वेगळं नाव देत असतील. एका माणसाने एका दिवसात चाळीस सहज होतात आणि पानं सुटत नाहीत, फक्त ग्रेन उभी पाहिजे, कारण पीव्हीएमध्ये पाणी असतं, आडव्या ग्रेनचा कागद पाणी पिऊन कण्याच्या लांबीत फुगतो आणि कणा लाटेसारखा होतो.

आता डिजिटल मशीनकडे येते. बाबा म्हणतात छपाई संपली आणि तू म्हणतोस डिजिटल घेऊ, दोघांनाही एकच गोष्ट दिसतेय, कॉपी कमी झाल्या. ऑफसेटवर १६० पेजचं एका रंगाचं पुस्तक म्हणजे १६ पेजी १० फर्मे (एका शीटवर छापून घडी होणारी १६ पेजेस म्हणजे एक फर्मा), दोन्ही बाजू मिळून २० प्लेटा. शाई बसेपर्यंत, रजिस्टर, म्हणजे छाप बरोबर जागेवर, जुळेपर्यंत समज प्रत्येक फर्म्यामागे ५० शीट वेस्ट गेले तर चाळीस कॉपींच्या कामात चांगल्या शीटपेक्षा वाया गेलेले जास्त! दोन हजार कॉपींमध्ये तेच ५० शीट कोणी मोजत पण नाही. डिजिटलला प्लेट नाही म्हणून पहिली कॉपी आणि शंभरावी कॉपी सारख्याच खर्चात पडते. हे काही कालचं नाही, इंडिगो आणि झायकॉनची कलर डिजिटल मशीनं १९९३ मध्ये बाजारात आली, १९९७ मध्ये अमेरिकेत लाइटनिंग प्रिंटने ऑर्डर आली की एकच कॉपी छापायचा धंदा सुरू केला. आता तर हायडेलबर्ग, १८५० ची कंपनी, ऑफसेट म्हटलं की पहिलं नाव तेच, त्यांनी २०२४ च्या द्रुपामध्ये कॅननशी हात मिळवून इंकजेट मशीन आपल्या नावाने आणलं. द्रुपा म्हणजे ड्युसेलडॉर्फचं छपाईचं मोठं प्रदर्शन, २०२० चं कोविडमुळे रद्द झालं त्यामुळे २०१६ नंतर थेट आठ वर्षांनी भरलं. जेव्हा ऑफसेटवालेच इंकजेट विकायला लागतात तेव्हा वारं कुठे वाहतंय ते कळतं, त्यात तू चुकलेला नाहीस.

पण वारं त्या दिशेला वाहतंय म्हणूनच मी तुला आज ते मशीन घेऊ नको म्हणते. तुझ्यासारखाच विचार करून आजूबाजूच्या प्रत्येकाने डिजिटल घेतलंय किंवा घेणार आहे. सगळ्यांकडे तेच मशीन आलं की भाव पाडण्याशिवाय कोणाच्या हातात काही राहत नाही, आणि हप्ता तर चालूच. आणि ते छापून झालेले गठ्ठे जातात कुठे? बहुतेक डिजिटलवाल्यांकडे स्पायरल आणि पिन सोडून बाइंडिंग नसतं. तू ज्याच्याकडून ते फोटोंचं पुस्तक छापून आणलंस त्याच्याकडे कटिंग मशीन तरी आहे का विचार. पूर्वी दोन हजार कॉपींचा एक जॉब आठवडाभर टेबलावर असायचा, आता त्याच आठवड्यात वीस छोटे जॉब, प्रत्येकाचा साइज वेगळा, कणा वेगळा, कव्हर वेगळं. छपाई मिनिटांत होते आणि गठ्ठा बाइंडिंगच्या टेबलावर येऊन अडतो. द्रुपामध्ये पण बघितलंस तर मोठ्या कंपन्या सगळ्यात जास्त बोलत होत्या ते ऑटोमेशन आणि फिनिशिंगबद्दल, एका जाडीच्या पुस्तकानंतर वेगळ्या जाडीचं पुस्तक मशीन न थांबवता कसं करायचं याबद्दल. तुझ्याकडे हे करू शकणारं आत्ता जे काही आहे ते म्हणजे काका.

मी एकदा याच जागी उभी होते म्हणून सांगते. तेव्हा मी हिशोब न करता डिजिटल मशीन घेतलं, एका विक्रेत्याने करार पुढे केला, मी सही केली, त्यात महिन्याला ठराविक क्लिक भरायचेच असं होतं. क्लिक म्हणजे एक छाप, तेवढे छाप झाले नाहीत तरी पैसे द्यायचे. पुढचं वर्ष मंदीचं गेलं, मशीन अर्धा महिना झाकून ठेवलेलं आणि बिल पूर्ण. त्या वर्षात आम्हाला ज्या कामाने तारलं ते दुसऱ्या डिजिटलवाल्यांचं जॉबवर्क होतं, त्यांची पुस्तकं बांधून देणं. म्हणून सेल्सवाल्याचा फोन आला तर मशीनची किंमत नंतर विचार, आधी विचार की मिनिमम क्लिक किती, जास्तीत जास्त किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड कागद जातो, ३२० रुंदीत शॉर्ट ग्रेन शीट चालतं का, छापलेला गठ्ठा त्याच्यासमोर तुझ्या काकांच्या हातून बांधून बघता येईल का. हे शेवटचं मान्य करत नसेल तर पुढे बोलू नको.

तर आता काय करायचं. मागच्या बारा महिन्यांची जॉब कार्डं, बिलं, वह्या जे असेल ते काढ आणि बाबांना शेजारी बसव. प्रत्येक जॉबसमोर तीनच गोष्टी लिहायच्या, कॉपी किती, मशीनवर तास किती, टेबलावर तास किती. आठवून लिहिलं तरी चालेल, बाबांना आठवतं सगळं. मी हे उशिरा केलं तेव्हा मला दिसलं की आमचं ऑफसेट दिवसातले कितीतरी तास नुसतं उभं असायचं आणि त्याच वेळी टेबलावर जॉब वाट बघत असायचे, आणि आम्ही पैसे मात्र मशीनसाठी शोधत होतो. तुमचं वेगळं निघू शकतं. पण तो कागद समोर आला की तुमचं भांडण कर्जावरून उठून त्या कागदावर येईल, आणि त्यात बाबांना बोलायला जागा आहे, आत्ता तू त्यांना नुसतं "बदला" म्हणतोयस आणि ते नुसतं "संपलं" म्हणतायत. त्यांचं ऑफसेट लगेच विकू पण नका. कव्हर, बिलबुकं, तीनशेच्या वरची एका रंगाची पुस्तकं यात ते अजून कामाचं आहे, मशीनचे पैसे पूर्वीच फिटलेत.

टेबल वाढवायचं ठरलं तर थोड्या पैशात करण्यासारखं बरंच आहे. चांगलं क्रीझिंग मशीन, म्हणजे घडीच्या जागी आधी रेघ दाबणारं, घे, डिजिटलचं कव्हर क्रीझ न करता वाकवलं की टोनर फुटतो आणि घडीवर पांढरी रेघ दिसते, गिऱ्हाईक पहिली तीच बघतं. कटिंगच्या ब्लेडचे दोन सेट ठेव. एक साधं शिलाई मशीन सेकंडहँड मिळालं तर बघ, नाहीतर हातशिलाई. जुजबंदी केलेलं, दोऱ्याने शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं आणि फोटोंच्या पुस्तकाला त्याच्यासारखं काही नाही, मधल्या पानावरचा चेहरा कण्यात गडप होत नाही. ए-५ च्या कामात एसआरए-३ शीटची ८ पेजी घडी होते, ती शिवता येते, ग्रेन पण बरोबर. आजकाल उघड्या कण्याचं बाइंडिंग मागतात, शिलाईचा रंगीत दोरा दिसलाच पाहिजे म्हणतात. विशेष आवृत्त्यांना रंगवलेल्या कडा हव्या असतात, गठ्ठा दाबून तिन्ही बाजूंना रंग मारायचा, पुठ्ठा नंतर चढवायचा. आपल्याला हे नवं वाटतं पण सोळाव्या शतकात इटलीत चेझारे वेचेल्लिओ या चित्रकाराने पिल्लोने घराण्याच्या ग्रंथांच्या कडांवर अख्खी चित्रं काढलेली आहेत, तेव्हा पुस्तकं कपाटात कणा आत आणि कड बाहेर अशी ठेवायचे ना! अशी कामं चाळीस-पन्नास कॉपींचीच येतात आणि त्यात भाव कोणी पानावर मोजत नाही.

कागदाचा दर देताना मात्र जपून. २०२१-२२ मध्ये काय झालं आठवतंय का, ऑनलाइन खरेदी वाढली म्हणून बऱ्याच मिल खोक्यांच्या कागदाकडे वळल्या, वीज-गॅस महागला, त्यात फिनलंडमध्ये यूपीएम या कागद कंपनीच्या मिलमध्ये १ जानेवारी २०२२ पासून जवळजवळ चार महिने संप. तेव्हापासून मी कोटेशनवर कागदाचा दर किती दिवस धरेल ते लिहायला लागले, तू पण लिही.

काकांचं सगळ्यात मनाला लागलं मला. वर्ष आहे ना हातात, मग आजपासून एक माणूस त्यांच्या शेजारी बसव, आणि तो माणूस पहिले तीन महिने तूच. नुसतं बघू नको, हाताने कर. त्यांना "शिकवा" म्हटलं तर ते म्हणतील त्यात काय शिकवायचं, कारण त्यांच्यासाठी ते बोटात असतं. आमच्याकडचे बाइंडर खळ घट्ट की पातळ ते ब्रशवरून पडणाऱ्या थेंबावरून ठरवायचे आणि माझं चार वर्षं विचारायचं राहूनच गेलं की थेंब कसा पाहिजे, मग ते गेले आणि मला पुठ्ठे वाकडे करत करत शिकावं लागलं. मोबाइलवर व्हिडिओ काढ, पण चेहरा नको, हात आणि ब्रश जवळून. आणि त्यांना विचार की पूर्ण सोडण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस येतील का, त्याचे पैसे नीट ठरवून द्या, बाबांच्या जुन्या ओळखीवर ढकलू नका.

परत आलेल्या कॉपींचं, तर आलेल्या सगळ्या परत घे आणि बाकी १३०-१४० जणांना पण कळव की पान सुटलं तर पुस्तक पाठवा. त्या आज सुटल्या नाहीत म्हणजे पुढे सुटणार नाहीत असं नाही, ग्रेन त्यांचीही आडवीच आहे. कव्हर काढ, कण्याकडून ३ मिलिमीटर काप म्हणजे जुना गम निघेल, कणा सॅंडपेपरने खरवड, पंख्यासारखं वाकवून पीव्हीए लाव, जाळी लाव. पुस्तक थोडं अरुंद होईल म्हणून कण्याजवळचे फोटो आधी तपास, कुठल्या चेहऱ्यावर कात्री येत असेल तर २ मिलिमीटरवर थांब. पीव्हीए लावताना ब्रश कोरडा ठेव, आडव्या ग्रेनला जास्त पाणी दिलंस तर कणा लाटेल. आधी एकच कॉपी कर, दोन दिवस वाळू दे, मग मधोमध उघडून एक पान धरून ओढ. कागद फाटला पण गमपासून सुटला नाही तर बाकीच्या करायला घे, आणि कव्हर नवीन छापून घे, जुनं आता बसणार नाही.